लेदर बॉलवर क्रिकेट खेळायला येतोस, तर हेल्मेटचं ऐकून घे

बाबू, हेल्मेट घेतलंस, चांगलं केलंस. पण ते घातलं म्हणजे मेंदू सुरक्षित, असं धरून चालू नको. हेल्मेट कवटी फुटू देत नाही, जबडा वाचवतं. मेंदू मात्र कवटीत पाण्यासारख्या द्रवात असतो. डोक्याला जोराचा हिसका बसला की तो आतल्या आत हलतो. तो हिसका कोणतंच हेल्मेट पूर्ण थांबवत नाही. २०१४ मध्ये सिडनीत ऑस्ट्रेलियाचा बॅट्समन फिल ह्यूज याला बॉल लागला तो हेल्मेटच्या खाली, मानेवर. दोन दिवसांनी तो गेला. म्हणून मागे मानेचा गार्ड लावच.

आपल्याकडे वावरात अंथरलेल्या मॅटिंगवर बॉल कधी उसळेल, नेम नाही. मला एकदा कानाजवळ लागला. हेल्मेटला नुसती चीर गेली, म्हणून खेळत राहिलो; मग रात्रभर ओकाऱ्या. तू तसं करू नको. डोक्याला लागलं की बाहेर ये, कॅप्टन काही का म्हणेना. २०१९ पासून कसोटीतही डोक्याला लागून मेंदूला हिसका बसलेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू चालतो. डोकेदुखी वाढली, ओकारी किंवा गुंगी आली, तर रात्र असली तरी तालुक्याचा दवाखाना गाठ, गाडी दुसऱ्याला चालवू दे. चीर गेलेलं हेल्मेट पुन्हा घालायचं नाही.