गॅरेजवाल्याच्या 'बघतो'वर मुदत थांबत नाही

कराडच्या एका दादांनी विचारलंय. गाडी 2011 ची, गॅरेजमध्ये साडेनऊ हजार रोख देऊन 'नवीन' अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा पार्ट) बसवला, चार महिन्यांनी 12 जानेवारी 2024 च्या रात्री हेडलाईट एकदम पांढरेफटक, बॅटरीतनं सडक्या अंड्यासारखा वास, आणि मग वायरिंग आणि ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) दोन्ही गेलं, दुसरीकडे 38 हजार गेले. पहिला गॅरेजवाला तेव्हापासून व्हॉट्सॲपवर 'बघतो साहेब' म्हणतोय, शेवटचं 2025 च्या दिवाळीत. आता केस होते का?

असे प्रश्न सारखे येतात, फक्त पार्ट बदलतो. होते केस, पण सगळं एका तारखेवर अडलंय. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. आणि ते कारण घडलं वायरिंग गेलं त्या रात्री, दिवाळीच्या मेसेजला नाही. नोटिसा आणि मेसेज पाठवत राहिल्यानं मुदत वाढत नाही. हे लिहिताना नोव्हेंबर 2025 संपत आलाय, 11 जानेवारी 2026 ला रविवार आहे, तेव्हा 9 चा शुक्रवार हीच शेवटची तारीख धरा. उशीर माफीचा अर्ज असतो, पण त्याला पुरेसं कारण लागतं आणि 'माणूस ओळखीचा होता' हे कारण ग्राहक आयोगापुढे टिकेल असं मला वाटत नाही.

आता तो बिघडलेला अल्टरनेटर कुठाय? तुम्हीच लिहिलंय, दुसऱ्या मेकॅनिकनं घेतला आणि बिलात बाराशे कमी केले. अहो दादा, बाराशेसाठी पुरावा भंगारात घातलात! आयोग सदोष वस्तू लॅबला पाठवू शकतो, पण वस्तू तर पाहिजे. अल्टरनेटरचा व्होल्टेज ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर गेला होता की बसवतानाच काही चुकलं हे मी इथं बसून सांगू शकत नाही, म्हणून त्या मेकॅनिककडनं काय जळालं होतं ते लेखी घ्या, पार्टवाईज बिलासकट.

पहिल्या गॅरेजवाल्यानं बिल दिलं नाही म्हणून घाबरू नका, बिल न देणं हीच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. आणि ज्या चॅटनं मुदत वाढत नाही तीच चॅट तुमच्या कामाची, कारण 'मीच बसवलाय' असं त्यानं त्यात लिहिलंय. प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम 2023, कलम 63 चं प्रमाणपत्र लागेल, फोन बदलू नका.

तक्रार साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात, तुम्ही तिथं राहता म्हणून चालतं, ई-जागृती पोर्टलवरनं ऑनलाईन होते, पाच लाखांपर्यंत फी नाही. निकाल तीन महिन्यांत, लॅब तपासणी असेल तर पाच, असं कायद्यात लिहिलंय, हसू नका. इन्शुरन्सवाल्यांकडे हेलपाटे घालू नका, नुसता इलेक्ट्रिकल बिघाड पॉलिसीत बसत नाही. प्रत्यक्ष आग लागली असेल तर वेगळं, पण ते तुम्ही लिहिलेलं नाही.

एक मात्र नक्की कळवा, गाडी भाड्यानं चालवत होता का? तसं असेल तर 'ग्राहक' आहात की नाही यावरच पहिला वाद होईल आणि तक्रारीचा मसुदा वेगळा करावा लागेल.