रोज रात्री स्वप्नात वेगळंच आयुष्य जगते, उठल्यावर रडू येतं. हे वेडाचं लक्षण आहे का?

नाही हो ताई, वेडबिड काही नाही, ते आधी डोक्यातून काढा. स्वप्नात लग्नच झालेलं नाही, दुसऱ्या शहरात नोकरी, स्वतःची खोली, असं तुम्ही लिहिलंय. मला हे फार ओळखीचं आहे.

बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा मी पुण्यातली नोकरी सोडून साताऱ्याला आले. दिवसभर औषधं, मालिश, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून सारखं कुशीवर वळवणं. आणि रात्री डोळा लागला की मी कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, जो मी कधी घेतलाच नाही, पण त्याच्या दाराची वरची कडी खांद्याने दार दाबल्याशिवाय निघत नाही हे अजून माझ्या हाताला माहितीये. बाबा तिथे यायचे, जिना चढून, पिशवीत शेवग्याच्या शेंगा घेऊन. ते चालताना दिसावेत म्हणून मी झोपेची वाट बघायचे.

अशी सलग, पिक्चरसारखी स्वप्नं जास्त करून रेम झोपेत, म्हणजे बंद पापण्यांआड डोळे भराभर हलतात त्या झोपेत, पडतात. ती साधारण दर ९० मिनिटांनी येते आणि पहाटेकडे लांबत जाते, म्हणून उठल्यावर सगळं लख्ख आठवतं आणि त्रासही तेव्हाच होतो. रोझलिंड कार्टराइट या अमेरिकन संशोधिकेने घटस्फोटामुळे खचलेल्या लोकांची स्वप्नं अभ्यासली, तर ज्यांच्या स्वप्नात तो जोडीदार येत होता ते पुढे जास्त सावरलेले दिसले. म्हणजे झोपेतही मन त्या दुःखावर काम करत असतं, असं मला तरी पटलंय.

मी उठल्या उठल्या वहीत लिहायला लागले. प्रत्येक वेळी फ्लॅटपेक्षा ते बंद करता येणारं दारच जास्त यायचं, मग शेजारच्या काकूंना दुपारी तासभर बाबांजवळ बसवून मी वाचनालयात जायला लागले. स्वप्नं पडायची तरी, पण रडणं कमी झालं. तुमच्या स्वप्नात सारखं काय येतं ते बघा, कदाचित ती खोलीच असेल.

दिवसासुद्धा तासन्‌तास त्यातच रमत असाल, कामं अडत असतील, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. नैराश्याच्या काही गोळ्यांनीही स्वप्नं जास्त ठळक पडतात, चालू असतील तर तेही सांगा पण स्वतःहून बंद करू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आणि ही नवऱ्याशी बेइमानी वाटते म्हणालात, तर तसं अजिबात नाही. मला बाबा कधीच नकोसे झाले नव्हते, तरी तो फ्लॅट हवाहवासा वाटायचाच.