थिन-फिल्म सोलरचं शिक्षण: डिप्लोमा की एम.एस्सी.?

प्रश्न: मी बी.एस्सी. भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. स्वस्त थिन-फिल्म (अगदी पातळ थरांच्या) सोलर सेलवर संशोधन करायची इच्छा आहे. बाबा म्हणतात, सिलिकॉनची पॅनेलं इतकी स्वस्त झाल्यावर त्यात काय उरलंय? त्यापेक्षा एक वर्षाचा सोलर डिप्लोमा कर. काय करू?

उत्तर: बाबांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. जगात खपणाऱ्या पॅनेलांपैकी ९० टक्क्यांहून जास्त सिलिकॉनचीच असतात. सिलिकॉनचे भाव कोसळले तशा थिन-फिल्मच्या कितीतरी कंपन्या बुडाल्या. अमेरिकेतली सोलिंड्रा २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली. पण तिथलीच फर्स्ट सोलर कॅडमियम टेल्युराइड या थिन-फिल्म पदार्थाच्या जोरावर आजही उभी आहे, हेही त्यांच्या कानावर घाल.

सिलिकॉनची चकती साधारण १५० मायक्रॉन जाड असते. कॅडमियम टेल्युराइडचा दोन-तीन मायक्रॉनचा थर पुरतो. शिवाय सुटे सेल जोडत बसावं लागत नाही. काचेवर थर चढवत जायचे आणि मधेमधे लेसरने तीन रेघा मारायच्या, की एकाच काचेवर सेल वेगळेही होतात आणि जोडलेही जातात. खरी मेख इथेच आहे. दुसऱ्या रेघेने वरचा थर पूर्ण कापला पाहिजे, पण खालच्या पारदर्शक वाहक थराला धक्का लागता कामा नये. आणि या तीन रेघांची पट्टी वीज देत नाही, त्यामुळे ती जितकी अरुंद तितकी बरी. ‘स्वस्त’ हा शब्द असल्या बारकाव्यांवर ठरतो, नुसत्या कच्च्या मालावर नाही.

पेरोव्हस्काइट या थिन-फिल्मच्या नव्या, बहुधा शिसं असलेल्या पदार्थाचे आकडे वाचून हुरळून जाऊ नकोस. २००९ मध्ये जपानमध्ये ३.८ टक्के कार्यक्षमतेपासून (पडलेल्या प्रकाशातल्या ऊर्जेपैकी वीज होणारा वाटा) सुरुवात झाली, आज प्रयोगशाळेत २६ टक्क्यांच्या वर मजल गेली आहे. पण हे विक्रम बहुतेक नखाएवढ्या सेलवरचे. मोठ्या मॉड्यूलवर ते टिकवणं, ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत १,००० तासांची चाचणी पार करणं, हे काम अजून पुष्कळ बाकी आहे. तुझ्यासारख्यांना वाव आहे तो इथे.

डिप्लोमात मुख्यतः पॅनेल बसवणं, वायरिंग, इन्व्हर्टर शिकवतात. चांगलं काम आहे, लवकर कमाईही सुरू होते. पण सेल बनवण्याकडे तो रस्ता जात नाही. तुझी ओढ तिकडे असेल तर भौतिकशास्त्र किंवा मटेरियल सायन्समध्ये एम.एस्सी. कर. स्वतंत्र संशोधनासाठी पुढे पीएच.डी. लागेलच, उत्पादनाच्या बाजूला मात्र एम.एस्सी.वरही शिरकाव होऊ शकतो.

प्रोजेक्ट निवडताना पदार्थाच्या नावावर भाळू नकोस. व्हॅक्यूम चेंबर स्वतः चालवायला मिळेल, थराची जाडी मोजता येईल असा विषय घे. स्पटरिंग (व्हॅक्यूममध्ये पदार्थाचे कण उडवून थर चढवणं) येणाऱ्या माणसाला डिस्प्ले, काचेवरचं कोटिंग, सेमीकंडक्टर अशी दारंही उघडी असतात. बाबांच्या काळजीवर माझं उत्तर हेच. गाइड ठरवण्याआधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठून तीन गोष्टी विचार: पंप बिघडला तर दुरुस्त कोण करतं, सेल महिनाभराने पुन्हा मोजतात का, आणि कॅडमियम-शिशाचा कचरा कुठे जातो?