फिनटेक, म्हणजे मोबाइलवरून पैशाचे व्यवहार करून देणाऱ्या कंपनीत काम करणं कसं असतं? सहकारी बँकेतली नोकरी सोडून जावं का?

पगार जास्त, शिकायलाही भरपूर मिळतं. जा. पण प्रश्नात तुम्ही लिहिलंय, "शेवटी पैशाचंच काम, बँकेसारखंच असणार." तिथं मला बोलायचंय.

मी बेळगावचा, बंगळुरात एका पेमेंट कंपनीत तक्रारी बघतो. मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही फोनवर सफाईनं बोलतो म्हणून घेतलं. सीमाभागात जन्मल्याचा एवढा रोख फायदा दुसरा कुठला झाला नाही. आप्पा आमचे पिग्मी एजंट, म्हणजे रोजची छोटी बचत गोळा करणारे. तीस वर्षं रविवार पेठेत दुकानोदुकानी फिरतात.

त्यांच्याच एका दुकानदाराला आमचा क्यूआर मीच गळ्यात मारलेला. एका संध्याकाळी निपाणीच्या गिऱ्हाइकानं ४,३०० रुपये भरले. त्याच्या खात्यातून गेले, दुकानातला स्पीकर गप्प. गिऱ्हाइकाची बस सुटत होती, दुकानदारानं त्याच्या मोबाइलवरचा मेसेज बघून माल दिला. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम असा की, असं अडकलेलं पेमेंट ५ दिवसांत भरणाऱ्याला परत गेलं पाहिजे, नाहीतर दिवसाला १०० रुपये भरपाई. तिसऱ्याच दिवशी गेलं. गिऱ्हाइकाला! आमच्याकडं तक्रारीचं तिकीट 'क्लोज्ड', नियमात कुठं बोट ठेवायला जागा नाही, आणि दुकानदाराचा मालही गेला, पैसाही. हेल्पलाइनला चारदा फोन केला, चारही वेळा रेकॉर्ड वाजली. मग त्यानं आप्पांकडची रोजची २०० ची पिग्मी बंद केली.

आप्पांचा फोन आला. "तुमच्या कंपनीला दार हाय काय रे? माणसानं भांडायला जायाचं कुठं?"

म्हणून सांगतो, मुलाखतीत ईसॉपचं, म्हणजे नोकरीबरोबर मिळणाऱ्या कंपनीच्या शेअर्सचं, नंतर विचारा, ते कंपनी बाजारात येईपर्यंत कागदच. आधी विचारा, दुकानदाराचा फोन कोण उचलतं? उत्तरात 'बॉट', म्हणजे माणसाऐवजी बोलणारा प्रोग्राम, आला तर समजा, ओळखीच्यांच्या शिव्या तुमच्याच मोबाइलवर येणार. माझ्या अजून येतात.

अर्थात दार असून सगळं भागतं असंही नाही. बुडालेल्या पतसंस्थेच्या दारात बसलेली माणसं आमच्या गल्लीनंही बघितलीत. सहकारी बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा तरी असतो, पतसंस्थेला तोही नाही. हे आप्पांना ऐकवलं, तर विषय बदलून जेवलास काय विचारलं.

आणि हो, वही जाऊन आता त्यांच्या हातात पावतीचं मशीन आलंय. ते अडकलं की भर दुपारी, माझ्या मीटिंगच्या वेळी, मलाच फोन येतो.