पत्रे नेमके, स्टॅक वाकडा

प्रश्न : भोसरीत आमचं प्रेस शॉप आहे. मोटारींची लॅमिनेशन्स (कोअरसाठी डायनं, म्हणजे साच्यानं, कापलेले पातळ पत्रे) नेहमीच काढतो. आता कणत्वरकातल्या (पार्टिकल ॲक्सिलरेटर) चुंबकाच्या कोअरचं, म्हणजे लोखंडी गाभ्याचं, नमुन्याचं काम आलंय. पत्रा १ मिमीचा, कोअर ६०० मिमी लांब, पोलला (चुंबकाच्या ध्रुवाच्या टोकाला) टॉलरन्स २० मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन). सुटा पत्रा सीएमएमवर (मापं तपासायच्या यंत्रावर) पास होतो, पण स्टॅक (पत्र्यांची चळत) बांधला की केळ्यासारखा वाकतो. डाय नवीन करावी का?

उत्तर : डायला इतक्यात हात लावू नका. मायक्रोमीटर घ्या आणि एकाच पत्र्याची जाडी दोन्ही कडांना मोजा. मी स्वतः याच जागी फसलो होतो. महिनाभर डाय ग्राइंड करत बसलो आणि दोष निघाला पत्र्यात. पत्र्याची कॉइल (गुंडाळी) मधोमध किंचित जाड, कडांना पातळ असते, म्हणून तिच्या एका अंगातून कापलेला पत्रा एका कडेला जाड निघतो. एका पत्र्यात ५ मायक्रॉनचा फरक हाताला कळतसुद्धा नाही. पण ६०० पत्रे एकाच बाजूनं रचले की तोच ३ मिमी होतो.

म्हणून पत्रे उलटवून रचा. आकार मधल्या रेषेच्या दोन्ही अंगांना सारखा असेल तरच हे जमतं. प्रत्येक पत्रा उलटवलात तर बरवर बर (कापलेल्या कडेला उरलेली धार) येईल, म्हणून दहा-दहाची गड्डी करून उलटवा. डायमध्ये मधल्या रेषेपासून जरा बाजूला एक बारीक खाच ठेवा. स्टॅक उभा केला की त्या खाचा डावी-उजवी दिसतात आणि चुकलेली गड्डी लगेच सापडते. यात आणखी एक फायदा आहे : डायची उजवीकडची चूक निम्म्या पत्र्यांत डावीकडे जाते आणि चुंबकक्षेत्र दोन्ही अंगांना सारखं राहतं.

पत्रे मोजून भरू नका, वजनावर भरा. दाबून ठरलेल्या लांबीत ठरलेलं लोखंड बसलं पाहिजे. वेगवेगळ्या कॉइलचे पत्रेही मिसळून घ्या. कणत्वरकाच्या एका रिंगमधले (कण ज्यात फिरतात ते कडं) असे चुंबक बहुधा एकाच विद्युतपुरवठ्यावर सीरिजमध्ये असतात. एकाचंच लोखंड निराळं निघालं तर त्याच्यापुरता करंट बदलता येत नाही.

एवढी काटेकोरी कशाला, असं तुमचे कारागीर विचारतील. त्यांना इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातल्या इंडस-२ या कणत्वरकाबद्दल सांगा. तिथे इलेक्ट्रॉन १७२.५ मीटरच्या रिंगमध्ये सेकंदाला सुमारे १७ लाख फेऱ्या मारतो आणि तासन्‌तास फिरत राहतो. चुंबकातली चूक दर फेरीला त्याला भेटते. द्विध्रुवी चुंबकाच्या (इलेक्ट्रॉनची वाट वळवणाऱ्या, दोन पोलांच्या चुंबकाच्या) पोलांत ५० मिमी फट असेल, तर ५० मायक्रॉनच्या चुकीनं क्षेत्र हजारात एक भागानं बदलतं. मागणी असते दहा हजारांत एकाच्या आसपास.

वेल्डिंग मात्र जपून करा. स्टॅक प्रेसखाली दाबलेला असतानाच, समोरासमोरच्या शिवणी आलटून पालटून, तुकड्यातुकड्यानं घाला. एका बाजूची शिवण सलग ओढलीत तर ती थंड होताना आख्खा कोअर आपल्याकडे खेचते.

पुढच्या स्टॅकमध्ये पोलमधलं अंतर दर ५० मिमीवर मोजा, वेल्डच्या आधी आणि नंतर. दोन्ही आकडे मला कळवा. वाक रचण्यात आहे की शिवणीत, ते त्यावरून सांगतो.