लाल वाळू, दुखरा गुडघा आणि मे महिना

प्रश्न : आमचा मुलगा माल्टाला एका हॉटेलच्या किचनमध्ये कामाला आहे. ‘मे महिन्यात दोघंही या’ म्हणून मागे लागलाय. समुद्र म्हटलं की आम्हाला गोवाच माहीत, आणि मागच्या खेपेला कळंगुटला पाय ठेवायला जागा नव्हती. मला शांत, वाळूचा किनारा हवाय, नुसतं बसून राहता येईल असा. ह्यांचा गुडघा दुखतो. मी साडीच नेसते. पाण्यात उतरले तर लोक हसतील का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : ताई, आधी मुलाला फोन लावा आणि सांगा, मे नको, दसऱ्याच्या सुमाराला येतो. मे महिन्यात आपण इथं घामाघूम, त्यामुळे समुद्र म्हटलं की जीव सुखावतो. पण तिकडचा समुद्र हिवाळाभर गार झालेला असतो आणि तापायला वेळ घेतो. मेमध्ये पाणी साधारण 18-19 अंश. त्याच महिन्यात गोव्याचं 29 च्या आसपास असतं. पाऊल बुडवाल आणि तस्संच मागे घ्याल. जुलै-ऑगस्टला पाणी छान, 26-27 अंशांचं, पण तेव्हा अख्खा युरोप सुट्टीवर निघालेला असतो. मग कळंगुट काय वाईट होतं, म्हणाल. ऑक्टोबरात गर्दी ओसरते आणि पाणी 23-24 अंशांवर टिकून असतं. अधूनमधून गडगडाटी सर येते, तेवढी छत्री बॅगेत टाका.

आता किनारा. माल्टाच्या मुख्य बेटावर राहून काम भागायचं नाही. शेजारच्या गोझो बेटावर जावा. चिरकेव्वा नावाच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटते, पंचवीसेक मिनिटांत पलीकडे. जाताना तिकीट मागत नाहीत, पैसे येताना घेतात. आमच्या ह्यांना बोटीत बसेपर्यंत धाकधूक होती की फुकट प्रवासात धरतील. पलीकडे उतरून बसने व्हिक्टोरियाला आणि तिथून रमला खाडीच्या किनाऱ्याला.

तिथली वाळू लालसर आहे. कोरडी असताना नारिंगी दिसते, ओली झाली की थेट तुमच्या खानापूरच्या कौलाचा रंग. खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना टप्प्याटप्प्यांची शेतं, दगडी गडगे, वारा अडवायला लावलेले वेताचे उभे कूड आणि गडग्यांवर निवडुंग. ऑक्टोबरात त्याला पिकली बोंडं लटकलेली असतात. मोह झाला तरी हात लावू नका; कुसळं इतकी बारीक की दिवसभर बोटं चिमट्याने टोकरत बसाल. ह्याच वाळूखाली रोमन काळातल्या वाड्याचे अवशेष आहेत. पुढं चाच्यांची भीती म्हणून अठराव्या शतकात इथं खडकात खड्डे खोदले, तळाशी बंदुकीची दारू, वर दगड, आणि जहाज जवळ आलं की दारू पेटवून ते दगड त्याच्यावर उडवायचे. तुमच्या यजमानांना किल्ल्यांचा नाद असेल तर त्यांचा तासभर तिथंच जाईल.

मुलगा कदाचित म्हणेल, त्याहून शांत सान ब्लास आहे, तिकडे जाऊ. वाळू तशीच लाल, माणसंही कमी, खरं आहे. पण वाट इतक्या उताराची की उतरताना गुडघा बोलतो आणि चढताना ओरडतो. नकोच ते. रमलाला रस्ता जवळजवळ वाळूपर्यंत येतो. सकाळी लवकर पोचा आणि दुपारी मंडळी यायला लागली की उठा.

भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, वीतभर इकडे-तिकडे. वेंगुर्ल्याला चपला ठेवून फिरायला गेलं की परत येईपर्यंत पाणी त्यांच्यापर्यंत आलेलं असतं. इथं ठेवल्या तिथंच सापडतील. म्हणून बेफिकीर मात्र राहू नका. खाडीचं तोंड उत्तरेला आहे. उत्तरेचा वारा सुटला की लाटा फुटतात आणि पाणी आत ओढतं. त्या दिवशी नुसतं बसायचं. मोसम सरल्यावर जीवरक्षक असतीलच असं धरू नका. जांभळट जेलीफिश चावली तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, नळाच्या नको.

साडीचं म्हणाल तर हसणार कुणी नाही. पण ओली साडी पायात गुंडाळली की तोल जातो आणि धरायला जवळ दुसरं काही नसतं. पाण्यात जायचंच तर सलवार आणि आखूड कुर्ता घाला. किनाऱ्यावर बसायला साडीसारखं सुख नाही. मी तशीच बसले होते आणि एका आजीबाईंनी येऊन पदराचा काठ हातात घेऊन बघितला.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणारा, लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, पंधरा दिवसांच्या आत आलात तर घेत नाहीत. फी 90 युरो, शिवाय 30,000 युरोंचं प्रवासविमा संरक्षण दाखवावं लागतं. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. म्हणजे ऑक्टोबरात जायचं तर जून-जुलैला कागद हलवा. आपल्याकडून थेट विमान नाही. दुबई किंवा इस्तंबूलला बदलावं लागतं, तिथं गुडघ्यासाठी व्हीलचेअर आधीच सांगून ठेवा. लाजायचं काय त्यात?

एक राहिलं. पोरासाठी कुंदा न्यायचा बेत असणारच! युरोपात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नेऊ देत नाहीत, आणि कुंदा पडला खव्याचा. विमानतळावरच्या अधिकाऱ्याला बेळगावचं कौतुक काय असणार? शेंगदाण्याची चटणी न्या, पक्की बंद करून. तिकडे भूक लागली की वाटाण्याचं सारण भरलेली पस्तिझी घ्या. स्वस्त असते, गरम मिळते. घेताना ‘वाटाण्याची’ म्हणून सांगा, कारण दुसरी चीजची असते.

प्रश्न : मित्र इटलीच्या सार्डिनिया बेटावर चाललाय. तिथली गुलाबी वाळू बाटलीभर आणायला सांगू का? शोकेसमध्ये ठेवायची आहे.
— कॉलेज विद्यार्थी, निपाणी

उत्तर : नको रे बाबा. सार्डिनियात वाळू, गोटे, शिंपले उचलण्यावर 2017 पासून कायद्याने दंड आहे, 500 ते 3,000 युरो. परतीच्या सामानात बाटली सापडली की मित्र अडकला. ज्या गुलाबी किनाऱ्याचे फोटो तू बघितले असशील तो बुडेल्ली बेटावरचा. लोक मुठी भरभरून नेत होते म्हणून नव्वदच्या दशकापासून तिथं पाय ठेवायलाच बंदी आहे. मित्राला फोटो काढून पाठवायला सांग, तोही बोटीतून.