भरतीसाठी धावताना नडगी दुखू लागली, तर धावणे थांबवावे का?

तुम्ही लिहिले आहे की पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीसाठी महिनाभरापासून तुम्ही रोज पहाटे डांबरी रस्त्यावर सहा किलोमीटर धावता, दहा दिवसांपासून दोन्ही नडग्या आतल्या बाजूने दुखतात, सोबतची मुले ‘धावत राहा, पाय आपोआप तयार होतील’ असे सांगतात आणि चाचणीला अजून अडीच महिने आहेत. मी सोळा वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करतो आणि भरतीच्या तोंडावर हीच तक्रार घेऊन येणारी मुले-मुली दरवर्षी पाहतो. तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे की धावणे आजपासून थांबवा, बाकीचा व्यायाम चालू ठेवा. अडीच महिन्यांत हे दुखणे बरे करून चाचणीला उभे राहता येते. मात्र दुखऱ्या पायाने आणखी तीन आठवडे धावलात, तर ती खात्री मी देणार नाही.

आधी दुखणे नेमके कोणते आहे ते पाहू. खाली बसून पाय सैल सोडा आणि नडगीच्या आतल्या कडेवरून गुडघ्याखालून घोट्यापर्यंत अंगठ्याने दाबत या. पोटरीच्या खालच्या भागात पाच सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक लांबीच्या पट्ट्यात दुखत असेल, धावायला लागताना दुखणे जास्त आणि अंग तापल्यावर कमी होत असेल, तर ते बहुधा ‘शिन स्प्लिंट्स’ आहे, म्हणजे वारंवारच्या ताणाने हाडाचे आवरण आणि त्यालगतचे हाड दुखावले आहे. याउलट दुखणे एका बोटाने दाखवता येईल इतक्याच जागी असेल, त्या पायावर लंगडी घालताना कळ येत असेल, किंवा रात्री अंथरुणातही ठणका लागत असेल, तर हाडाला सूक्ष्म तडा गेला आहे असे धरून चाला आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. असा तडा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेवर पुष्कळदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो. म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ एवढ्यावरून पुन्हा धावायला लागू नका.

‘पाय तयार होतील’ हे म्हणणे अर्धे खरे आहे आणि घोटाळा उरलेल्या अर्ध्यात आहे. ताण वाढला की हाड स्वतःची पुनर्बांधणी करते, पण त्यात जुना भाग आधी काढला जातो आणि नवा नंतर भरला जातो. काढण्याचे काम काही आठवड्यांत होते, भरण्याला मात्र महिने लागतात. त्यामुळे एकदम धावायला लागलेल्या माणसाचे हाड तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास पूर्वीपेक्षा कमजोर असू शकते, आणि नेमका तेव्हाच त्याचा दम वाढलेला असल्याने तो अंतर वाढवतो. सैन्यातील डॉक्टरांना हे फार पूर्वी दिसले होते. प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट या डॉक्टरांनी लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचे वर्णन 1855 साली केले. एक्स-रेचा शोध त्यानंतर चाळीस वर्षांनी लागला आणि मग त्या पावलांतील तडे डोळ्यांना दिसले.

चार वर्षांपूर्वी एक मुलगा वेदनाशामक इंजेक्शन घेऊन सराव करत राहिला होता. चाचणीला सहा दिवस उरले असताना धावता धावता त्याची नडगी मोडली आणि ती भरती हातची गेली. औषधाने हाड बरे झाले नव्हते, फक्त त्याची सूचना ऐकू येईनाशी झाली होती. म्हणून गोळी किंवा इंजेक्शन घेऊन धावू नका, हे मी आग्रहाने सांगतो.

आता उपचार. पहिले दोन ते तीन आठवडे धावणे आणि दोरीउड्या पूर्ण बंद ठेवा. कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे दुखऱ्या भागावर ठेवल्यास वेदना कमी होते, पण नडगीच्या हाडावर जोर लावून मालिश करू नये. न दुखता जेवढी सायकल चालवता येईल तेवढी चालवा, पोहता येत असेल तर पोहा. दम बराचसा टिकून राहतो. चाचणीच्या 50 गुणांपैकी 1600 मीटरला 20 असले, तरी गोळाफेकीला 15 आहेत, आणि 7.260 किलोचा गोळा या काळात उभ्याने, पायाला हिसका न देता फेकून तंत्र सुधारता येते. याच काळात पोटरी बळकट करा, कारण ती लवकर थकली की हाडावरचा ताण वाढतो: पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून टाचा सावकाश वर-खाली करा, आधी गुडघे सरळ ठेवून आणि मग किंचित वाकवून, प्रत्येकी पंधरा वेळा, तीन फेऱ्या; हे न दुखता जमू लागले की एकेका पायावर.

अर्धा तास भराभर चालून दुखले नाही, दाबून दुखले नाही आणि लंगडी घालूनही कळ आली नाही, की पुन्हा धावायला लागा. सुरुवातीला एक मिनीट धावणे आणि दोन मिनिटे चालणे असे वीस मिनिटे, तेही एक दिवसाआड आणि मातीच्या मैदानावर. धावण्याचा भाग दर आठवड्याला थोडा वाढवा, पण अंतर आणि वेग एकाच आठवड्यात वाढवू नका. पावले थोडी आखूड आणि जलद टाकल्यास नडगीवरचा भार कमी होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखले, तर एक पायरी मागे या. चाचणीपूर्वीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत वेगाचा सराव करा. त्याआधी घड्याळ लावून 1600 मीटर धावण्याची घाई नको. बुटांचा तळ झिजला असेल तर बूट बदला, पण चाचणीच्या आठवड्यात नवे बूट घालू नका.

वजन कमी करण्यासाठी एक वेळ जेवून धावणारी मुले मला भेटतात, आणि त्यांची दुखणी लवकर बरी होत नाहीत. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. 100 ग्रॅम नाचणीत ते साधारण 350 मिलिग्रॅम असते, शिवाय दूध, दही आणि तीळ आहेतच. ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे खूप आढळते, त्यामुळे दुखणे पुन्हा पुन्हा उद्भवत असेल तर डॉक्टरांना विचारून रक्ततपासणी करून घ्या. हे उत्तर वाचणाऱ्या मुलींपैकी कोणाची सरावाच्या काळात पाळी थांबली असेल, तर तिने ते थकव्यावर न ढकलता लगेच डॉक्टरांना सांगावे, कारण अपुऱ्या आहाराचे आणि हाडे कमजोर होऊ लागल्याचे ते लक्षण असू शकते.

तीन आठवड्यांच्या विश्रांतीनंतरही दाबून दुखत राहिले, तर वाट न पाहता अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. आणि धावताना पाऊल बधिर होत असेल किंवा पोटरी दगडासारखी घट्ट होत असेल, तर तीन आठवडे थांबू नका, याच आठवड्यात दाखवा; ते दुखणे वेगळे असते आणि वर सांगितलेल्या उपायांनी ते बरे होत नाही.